गावातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचंय? आधी हे वाचा

"गावाचे जुने फोटो एकदा एकत्र लावायला पाहिजेत" हे वाक्य दरवर्षी यात्रेत निघतं आणि मुंबईच्या गाड्या लागल्या की विरून जातं. आमच्याकडे, पाटण तालुक्यातल्या एका गावात, ते एका वर्षी टिकलं आणि प्रदर्शन झालं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून विचारणा होते. स्कॅनर कुठला घ्यायचा, छपाई फ्लेक्सवर की फोटो पेपरवर, परवानगी कुणाची लागते? प्रश्न बरोबर आहेत, पण नंबर दुसरा. पहिला प्रश्न हा की फोटोतली माणसं ओळखणारं गावात कोण उरलंय? पेटीतला फोटो आणखी वीस वर्षं पेटीत राहू शकतो. १९६७ च्या भूकंपाआधीचं गाव ज्यांना नीट आठवतं, ती माणसं आता पंच्याहत्तरीच्या घरात किंवा पुढे आहेत. म्हणून खाली छपाई-मांडणी थोडक्यात आणि नावं मिळवायचं काम सविस्तर सांगितलंय.

१. तारीख आणि जागा ठरवा

दिवाळी झाली की सुरुवात करा आणि चैत्रातली यात्रा धरा. यात्रेला मुंबई-पुण्याची मंडळी आपोआप येतात, वेगळं बोलवावं लागत नाही. मे महिनाही चालतो, पण मग पक्कं छप्पर हवंच. वळवाचा पाऊस दुपारी चारला येतो, आधी वावटळ येते, आणि कापडी मंडपातले फोटो दहा मिनिटांत शेतात पोचतात.

जागेसाठी माझं मत शाळा. देवळाचा सभामंडप सगळ्यांना आधी सुचतो, कारण तो मोठा आणि फुकट. पण गावातल्या प्रत्येक वाडी-वस्तीतला माणूस तिथे तितक्याच मोकळेपणाने येतो का, हे स्वतःला खरं विचारा. शाळेत सगळे शिकलेले असतात, निदान एक-दोन इयत्ता. शिवाय भिंती, दारं, कुलूप, वीज सगळं असतं. परीक्षेचे दिवस तेवढे सोडा.

कागदपत्रं फार लागत नाहीत:

- सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) साधं पत्र. त्याची पोच घ्या.
- शाळा वापरायची तर मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी.
- ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी. (आमचा सल्ला, लावूच नका. फोटोसमोर माणसं बोलायला हवीत, वर भाषण नको.)

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडा. तशी सक्ती नाही, पण सगळ्यांसमोर एकदा बोललं गेलं की "आम्हाला कुणी विचारलंच नाही" ही तक्रार निम्मी कमी होते. उरलेली निम्मी होणारच.

२. माणसं जमवा, पण एकाच भावकीतली नकोत

पाच-सहा जण पुरतात. अट एवढीच की प्रत्येक आळीतलं, वाडीतलं, वस्तीतलं कुणीतरी हवं. सगळे एकाच भावकीतले असले तर प्रदर्शन गावाचं न होता त्या भावकीचा आल्बम होतो, आणि बाकीचे लोक बघून निघून जातात.

निदान दोन बायका हव्यातच. फोटोंची पेटी घरात कुठे आहे आणि तिची किल्ली कुणाच्या कमरेला आहे हे आठवून बघा. पुरुष ओसरीवर बसून "आमच्याकडं काय नाय बा" म्हणतात, तेव्हाच आतून आवाज येतो, "आहेत की, माळ्यावरच्या ट्रंकेत."

एक माणूस मुंबईतला घ्या. कारण पुढे येईल.

३. साहित्य

- फ्लॅटबेड स्कॅनर. बाजारात स्वस्त आणि पातळ मिळतात ते बहुतेक सीआयएस जातीचे. सपाट फोटोला ते उत्तम, पण वाकलेला किंवा पुठ्ठ्यावर चिकटवून पोक आलेला फोटो त्यावर धूसर येतो. जाड, सीसीडी जातीचा कुणाकडून उसना मिळाला तर घ्या.
- बरा कॅमेरा असलेला मोबाईल आणि छोटा ट्रायपॉड.
- एक मीटर काळं, चमक नसलेलं कापड.
- मऊ, कोरडा ब्रश. रंगकामाचा नवा कोरा चालतो.
- २बी पेन्सिली. बॉलपेन पिशवीत ठेवूच नका.
- नोंदीचे छापील फॉर्म, संमतीपत्रं, कार्बनचं पावतीपुस्तक.
- दोन हार्ड डिस्क. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता, साठवायला नव्हे.

४. घरोघर जा

एकच नियम पाळा: मूळ फोटो घराबाहेर आणायचा नाही. स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन तुम्ही घरी जा, ओसरीवर बसा, समोर स्कॅन करा, समोर परत द्या. वेळ जास्त लागतो हे खरं. पण "नेला आणि हरवला" असं एका घरी झालं की पुढची दहा घरं बंद होतात. अगदी नाइलाजाने फोटो न्यावाच लागला, तर पावतीवर संख्या, वर्णन, परत करायची तारीख लिहा आणि सही करून द्या.

"जुने फोटो आहेत का?" असं विचारू नका. उत्तर नाहीच येतं, कारण लोकांच्या लेखी तो 'जुना फोटो' नसून आजोबा असतात. माणसाबद्दल विचारा. "तात्या मिलिटरीत असताना तिकडून फोटो पाठवला होता का?" "गिरणीत असताना मुंबईला काढलेला एखादा?" "आक्काच्या लग्नात फोटोवाला आला होता?" असं विचारलं की पेटी उघडते.

हमखास सापडण्याच्या जागा: देवघराशेजारची भिंत, पोथीची पानं, विम्याच्या कागदांची पिशवी, फौजेतून सुटताना मिळालेल्या कागदांची गुंडाळी. घराबाहेर पाहायचं तर शाळेचं ऑफिस, विकास सोसायटी, तालीम, भजनी मंडळाची पेटी. फ्रेमच्या मागचा पुठ्ठाही बघा. एका फोटोमागे दुसरा जुना फोटो सरकवून ठेवायची पद्धत होती.

आता मुंबईचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात आमच्या खोऱ्यातली मातीची घरं बसली. ढिगाऱ्याखाली भांडी सापडली, कागद राहिले नाहीत. पण त्याच फोटोची दुसरी प्रत तेव्हा लालबाग-परळकडे गिरणीत असलेल्या भावाकडे गेलेली असे. गावकीच्या खोलीत, जिथे एका गावचे पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत, तिथल्या भिंतीवर गावचे फोटो टांगलेले असत. त्या खोल्यांचं पुढे काय झालं, ट्रंका कुणी नेल्या, हे मुंबईतलाच माणूस शोधू शकतो.

धरणग्रस्तांनाही विसरू नका. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी चढलं आणि वरच्या अंगाची गावं उठली. लोक सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडे वसवले गेले. ज्या गावाच्या जागी आज पाणी आहे त्याचा फोटो असलाच तर तिकडच्या पाहुण्यांकडे. सोयरीक अजून टिकून आहे, तिच्या वाटेने जा.

हार घातलेल्या फोटोंबद्दल दोन शब्द. काचेवर कुंकवाचा टिळा असतो, चंदनाचा हार असतो. तो फोटो भिंतीवरून काढायला सांगू नका आणि टिळा पुसू नका. विचारून, आहे तिथेच, मोबाईलवर घ्या. घरचे स्वतःहून काढून देतात तेव्हा गोष्ट वेगळी. पितृपक्षात असे फोटो खाली उतरवून पुसले जातात. पितृपक्ष दिवाळीच्या आधी येतो, पण तेव्हाच एकदा घरी जाऊन आलात तर ते हातात घेऊन बघता येतात आणि घरातली माणसं त्या माणसाबद्दल बोलायच्या मनःस्थितीतही असतात.

५. स्कॅन करताना

धूळ कोरड्या ब्रशने, एकाच दिशेने झाडा. पाणी, ओला फडका, काच पुसायचा फवारा, काही लावायचं नाही. बुरशी आलेला फोटो ब्रशनेही घासू नका, आहे तसा स्कॅन करा. आमच्याकडच्या पावसात बुरशी सगळीकडेच असते, तिचे डाग संगणकावर नंतर कमी करता येतात. निघालेला फोटोचा थर परत येत नाही.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकटच फोटो घ्या. खिडकीजवळ, उन्हाची तिरीप न पडेल अशा जागी ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाईलच्या मागे काळं कापड धरायला एक माणूस उभा करा. काचेत दिसणारं तुमचं प्रतिबिंब त्याने जातं. चिकट पानांच्या आल्बममधून फोटो सुटत नसेल तर अख्खं पान स्कॅन करा. काळ्या कागदाच्या, कोपऱ्यांत फोटो खोचलेल्या आल्बमची पानंही आधी अख्खी घ्या, मग सुटे फोटो. कुठला फोटो कुणाशेजारी लावला होता, यावरून पुष्कळ कळतं.

किती डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके? हिशेब सोपा आहे. अडीच बाय साडेतीन इंचांचा फोटो ६०० ला स्कॅन केला तर १५०० बाय २१०० पिक्सेल मिळतात. बारा बाय अठरा इंच छापायला ते कमी पडतात. तोच १२०० ला केला तर ३००० बाय ४२००, आणि काम होतं. म्हणून तळहाताएवढ्या किंवा लहान फोटोला १२००, पोस्टकार्डाएवढ्याला ६००, मोठ्या फ्रेमच्या फोटोला ३००-४००. काळा-पांढरा असला तरी रंगीत म्हणूनच स्कॅन करा, पिवळसरपणाही नोंद आहे. मूळ फाइल टिफ (फोटोचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) ठेवा, तिला हात लावू नका. दुरुस्ती, कातरकाम जेपेगच्या प्रतीवर.

आणि मागची बाजू स्कॅन करा. प्रत्येक फोटोची. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, "ती. बाबांस सा. न. वि. वि." असा मजकूर, धुवून दिल्याची तारीख, काहीही असू शकतं. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे सोडतात आणि नंतर पुन्हा त्याच घरी जातात.

व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो दाबला जातो आणि छपाईच्या कामाचा राहत नाही.

फाइलला नाव देताना घराचा क्रमांक आणि फोटोचा क्रमांक एवढंच ठेवा: ०१४-००३, मागची बाजू ०१४-००३-मागे. माणसांची नावं फाइलच्या नावात घालू नका. ती बदलतात, म्हणजे ओळख बदलते.

६. नावं मिळवा: खरं काम हे

मोबाईलवर फोटो दाखवून म्हाताऱ्या माणसांना विचारणं बंद करा. पडदा लहान, चकाकी जास्त, आणि बोट लागलं की फोटो सरकतो, मग ती बिचारी ओशाळतात. प्रत्येक समूहफोटोची ए-फोर कागदावर काळी-पांढरी प्रत काढा, चेहऱ्यांवर आकडे टाका आणि ती प्रत त्यांच्या हातात द्या. दोन रुपयांच्या झेरॉक्सने जे होतं ते वीस हजारांच्या मोबाईलने होत नाही.

विचारायची रीत महत्त्वाची. "हे बापूच ना?" म्हटलंत की मान हलते. समोरच्याला तुमचं मन मोडायचं नसतं. "हे कोण?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. एक मिनिट शांतता गेली तर जाऊ द्या.

माणूस आठवला नाही तर फोटोतल्या दुसऱ्या कशाबद्दल विचारा. एका फोटोत बैलजोडी होती आणि कासरा धरलेला एक तरणा गडी. गडी कुणालाच ओळखेना. फोटो फिरत फिरत एका आजींकडे गेला. त्यांनी माणसाकडे पाहिलंच नाही. "ह्यो आमचा सर्जा न्हवं का! डावं शिंग बघा की मोडल्यालं." मग सर्जा कुणाकडून घेतला, शिंग कसं मोडलं, तो त्या लग्न होऊन आल्या तेव्हा दावणीला होता की नंतर आला, असं बोलता बोलता साल जवळपास ठरलं. आणि अगदी शेवटी, सहज: "कासरा धरलाय त्यो आमचा धाकला दीर. मिलिटरीत गेला त्याच्या आधीचा." भांडं, दागिना, साडीचा काठ, झाडाचा आंबा, दारातली पायरी, यातलं काहीही चालतं.

एकाच फोटोबद्दल आधी दोघांना वेगवेगळं विचारा, मग एकत्र बसवा. आधीच एकत्र बसवलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव लागतं. दोघांची मतं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा आणि कुणी काय सांगितलं तेही लिहा. निवाडा करायची घाई नको.

बायकांची नावं मिळवायला जास्त चिकाटी लागते. "ही पाटलाची सून", "ही गुरुजींची बायको" इथे प्रश्न थांबवू नका. स्वतःचं नाव विचारा, माहेरचं गाव विचारा. लग्नात नाव बदललेलं असायचं, त्यामुळे सासरी 'लक्ष्मी' म्हणून ओळखली जाणारी बाई माहेरच्या शाळेच्या फोटोत भलत्याच नावाने सापडते. माहेरच्या गावी कुणी फोन केला तर निम्मी कोडी सुटतात.

नोंदीच्या फॉर्मवर एवढं हवं: फोटो क्रमांक, कुणाच्या घरून, कुठे काढला, साल (नक्की की अंदाज), पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे नावं, नावं कुणी सांगितली, कोणत्या तारखेला. 'पाहणाऱ्याच्या' हा शब्द छापूनच घ्या. नाहीतर एक जण स्वतःच्या डावीकडून लिहितो, दुसरा फोटोतल्या माणसाच्या डावीकडून, आणि अख्खी रांग उलटी होते. निगेटिव्हवरून काढलेली प्रत उलटी आहे का हेही बघा. पाटीवरची अक्षरं किंवा सदऱ्याचा खिसा लगेच सांगतो.

बोलणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, पण विचारून.

७. साल कसं ठरवायचं

"साल सांगा" म्हटलं तर कुणालाच सांगता येत नाही. गावाच्या आठवणीतली खुंटी वापरा. आमच्याकडे ती एकच: भूकंपाआधी की भूकंपानंतर? तुमचं गाव माण-खटावकडे असेल तर १९७२ चा दुष्काळ धरा. खडी फोडली, सुकडी खाल्ली, ते सगळ्यांना आठवतं. मुंबईच्या फोटोंना १९८२ चा गिरणी संप. फौजेतल्यांना १९६२, १९६५, १९७१.

मग फोटोतल्या खुणा बघा:

- एस.टी. दिसली तर फोटो १९४८ नंतरचा. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली. आपल्या गावात ती कधी आली ते गावाला विचारा.
- शाळेच्या फलकावर 'जिल्हा परिषद' असेल तर १ मे १९६२ नंतरचा, कारण त्याआधी जिल्हा परिषदाच नव्हत्या. 'लोकल बोर्ड' असेल तर आधीचा. कुठे 'मुंबई राज्य' लिहिलेलं दिसलं तर १ मे १९६० च्या आधीचा.
- गाडीच्या पाटीवर 'एमएच ११' (साताऱ्याचा क्रमांक) असेल तर १९८९ च्या मागे जाऊ नका.
- नागमोडी कातरलेल्या कडांचे लहान प्रिंट बहुधा चाळीस ते साठच्या दशकांतले. चौकोनी फोटो दिसले की घरात कुणाकडे आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता का विचारा. १२० च्या रोलवर तो चौकोनी फोटो काढायचा.
- छप्पर बघा. गवत, नळीची कौलं, मंगलोरी कौलं, पत्रा. आपल्या आळीत काय कधी आलं हे म्हाताऱ्यांना पाठ असतं.

कपड्यांवरून मात्र जपून. स्टुडिओत कोट, टाय, घड्याळ सगळं भाड्याने किंवा फुकट घालायला मिळत असे. मागे रंगवलेला ताजमहाल असतो तसाच अंगावरचा कोट.

शाळेच्या फोटोंना शाळेचं जनरल रजिस्टर ताडून पाहा. मुख्याध्यापकांसमोर बसून, त्यांच्या परवानगीने. कोण कधी दाखल झालं, कधी सोडलं, हे त्यात असतं. घराच्या फोटोला ग्रामपंचायतीच्या जुन्या आकारणी नोंदवहीची (नमुना ८) मदत होते.

८. संमती, कायदा आणि भांडणं

संमतीपत्र एका पानाचं आणि मराठीत हवं. आमचा मजकूर साधारण असा होता, हवा तर उचला:

"मी ________, माझ्याकडील क्र. ____ ते ____ या फोटोंची डिजिटल प्रत करून ती गावातील प्रदर्शनात लावण्यास संमती देत आहे. मूळ फोटो माझ्याकडेच आहेत. समाजमाध्यमांवर टाकण्यास संमती आहे / नाही. पुढे पुस्तकात छापण्यास संमती आहे / नाही. फोटोखाली माझं नाव लिहावं / लिहू नये."

तिन्ही प्रश्न वेगळे ठेवा. शाळेत लावायला हो म्हणणारी माणसं फेसबुकला नाही म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७ चा कायदा, कलम १७) पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे स्टुडिओत किंवा लग्नात काढलेल्या फोटोंना घरच्यांची संमती बहुधा पुरते. फोटोग्राफरने स्वतःहून काढलेल्या, म्हणजे यात्रेच्या, बाजाराच्या, पुराच्या फोटोंचं तसं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर असा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं धरतात. कराड-साताऱ्याच्या जुन्या स्टुडिओंची दुसरी-तिसरी पिढी बऱ्याचदा तोच धंदा करते. जाऊन विचारा आणि फोटोखाली नाव द्या. बहुतेक जण खूश होतात, कधीकधी निगेटिव्हचा डबाच काढून देतात. वर्तमानपत्रांतले किंवा पुस्तकांतले फोटो कापून लावू नका.

भांडणांच्या तीन जागा माहीत असू द्या.

पहिली, जमीन आणि वाडा. जुन्या वाड्याचा फोटो लागला आणि त्यात सामाईक भिंत, दार किंवा वाट दिसली की भावकीतला कुणीतरी मोबाईल काढतो. वाद चालू असलेल्या घराचा फोटो लावायच्या आधी दोन्ही घरांना विचारा. फोटोची प्रत मूळ मालकाशिवाय कुणालाही द्यायची नाही, हे फलकावर लिहून ठेवा.

दुसरी, घरातल्या गोष्टी. मोडलेलं लग्न, पहिली बायको, अकाली गेलेलं माणूस. फोटो सुंदर असेल, तरी घरातल्या बाईने "नको" म्हटलं तर कारण न विचारता बाजूला ठेवा.

तिसरी, पुढारी. यशवंतराव चव्हाण किंवा बाळासाहेब देसाई गावात आले तेव्हाचा फोटो निघतोच, आणि तो दारात मोठा लावायचा आग्रहही होतो. त्याला आमचं उत्तर असं की सगळे फोटो एकाच मापाचे. पुढाऱ्याचाही तोच, गुराख्याचाही तोच. हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्या, नंतर फार उपयोगी पडतो. वर्गणी देणाऱ्यांची नावं एका कागदावर, आकड्यांशिवाय. कुणाचाही स्वतंत्र फ्लेक्स नको.

९. निवड आणि छपाई

ऐंशी ते शंभर फोटो पुष्कळ झाले. त्यापुढे माणूस नुसता चालत जातो. धूसर पण गावाला माहीत असलेला फोटो, सुंदर पण कुठलाही असू शकेल अशा फोटोपेक्षा आधी घ्या. गट सोपे ठेवा: शाळा, लग्नं, शेत, यात्रा आणि तालीम, फौज, मुंबई, भूकंप. शेवटी एक भिंत 'हे कोण?' म्हणून मोकळी ठेवा. सगळे अनोळखी फोटो तिथे.

बारा बाय अठरा इंच हे माप डिजिटल प्रेसला सोयीचं आणि त्यामुळे स्वस्त पडतं. मॅट कागदच घ्या. चकचकीत कागदावर खिडकी दिसते, माणूस दिसत नाही. मागे सनबोर्ड (हलका, ताठ फोमचा बोर्ड) लावला तर फोटो वाकत नाही आणि पुढच्या वर्षीही वापरता येतो. फ्लेक्स फक्त रस्त्यावरच्या फलकाला.

मजकुराचा सापळा सगळ्यात मोठा. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता, प्रेसमधला ऑपरेटर श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करतो आणि तुमचा मजकूर तिकडे गेला की जोडाक्षरं फुटतात. तो बिचारा घाईत पुन्हा टाइप करतो आणि 'शिंदे' चं 'शिदे' होतं. पीडीएफ करून द्या, आणि छापायच्या आधी कागदावर प्रूफ घेऊन प्रत्येक नाव मोठ्याने वाचा. एकाने फॉर्म वाचायचा, दुसऱ्याने प्रूफ बघायचं. नाव चुकलेला माणूस ते जन्मभर विसरत नाही.

अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. ओळखीच्या मजकुरात "गतवैभव", "सुवर्णकाळ" असले शब्द नकोत. कुठे, कधी, कोण, कुणाच्या घरून, नावं कुणी सांगितली, बस्स. जिथे नाव माहीत नाही तिथे 'अनोळखी' असं छापा, जागा गाळू नका. कारण तेच वाचून कुणीतरी पुढे येतं.

१०. मांडणी आणि ते दोन दिवस

फोटोचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर. पोरांनाही दिसतो आणि बाकावर बसलेल्या आजोबांनाही. भिंतीला खिळे ठोकायची परवानगी नसते, म्हणून मंडपवाल्याकडून बांबूच्या चौकटी घ्या आणि सुतळी-चिमट्यांवर टांगा. समोर ऊन येणारी खिडकी असेल तर तिला पडदा. मधे बाक आणि खुर्च्या भरपूर, पिण्याचं पाणी, आणि जवळच्या नंबरचे दोन-तीन स्वस्त चष्मे टेबलावर ठेवा. त्यांना रांग लागते.

प्रत्येक फोटोखाली कोरी चिठ्ठी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल हवी. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांच्यासाठी सातवी-आठवीची मुलं वही घेऊन उभी करा. एका मुलाकडे एक भिंत. 'हे कोण?' भिंतीपाशी मात्र मोठं, गावातली नाती माहीत असलेलं माणूस हवं.

पहिल्या दिवशी सकाळचे दोन तास फक्त सत्तरीपुढच्यांसाठी ठेवा. गर्दी झाली की ती माणसं मागे सरतात आणि मग येतच नाहीत. ज्यांना चालवत नाही त्यांना आणायला रिक्षा किंवा जीप ठरवा. वर्गणीतला हा सगळ्यात चांगला खर्च. उद्घाटन करायचंच असेल तर फोटोतल्याच एखाद्या हयात व्यक्तीच्या हातून, आणि पाच मिनिटांत.

११. प्रदर्शन उतरवल्यावर

सगळे इथे ढिले पडतात. चिठ्ठ्या पिशवीत जातात, पिशवी कपाटात. त्याच आठवड्यात बसा. प्रत्येक चिठ्ठीवर फोटो क्रमांक आहे का बघा, नवी नावं नोंदीच्या तक्त्यात घाला, कुणी सांगितलं ते लिहा. परस्परविरोधी चिठ्ठ्या असतील तर दोन्ही घरी पुन्हा ए-फोर प्रत घेऊन जा.

सगळ्या फाइलींच्या तीन प्रती करा. एक हार्ड डिस्क गावात, एक दुसऱ्या गावी किंवा पुण्या-मुंबईत, तिसरी प्रत ऑनलाइन. नोंदींचा तक्ता कागदावरही छापून बांधून घ्या आणि गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा. हार्ड डिस्क दरवर्षी यात्रेच्या आधी एकदा उघडून बघायची, ती जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.

ज्या घरातून फोटो मिळाले त्या प्रत्येक घरी स्वच्छ केलेली एक प्रत आणि त्यामागे पेन्सिलने लिहिलेली नावं पोचवा. जाताना कोरे फॉर्म बरोबर असू द्या. बहुतेक घरांत तेव्हाच दुसरी पेटी निघते.